पाच अंशांचे डबे

मी न केलेल्या गुन्ह्याची माझ्या वडिलांनी भरल्या हॉलमध्ये, हात जोडून, मला न विचारता माफी मागितली. या गोष्टीला आता इतका काळ लोटला आहे की ज्यांच्यासमोर ती मागितली त्यांतल्या निम्म्या लोकांना ती आठवतही नसेल. लोक मला सांगतात, रेवा, सोडून दे. मी धंदा करणारी बाई आहे. समोरच्यानं कबूल केलेलं काही दिलं नसेल तर मी दारात जाऊन उभी राहते, आणि या बाबतीतही माझं म्हणणं तेच आहे. हे प्रकरण मी त्यासाठीच लिहिते आहे. कुणाला यात माया, क्षमा वगैरे शोधायची असेल तर त्यानं पुढचं प्रकरण वाचावं.

आम्ही तेव्हा आयर्लंडमधल्या नावन गावात राहायचो. एकसारख्या घरांच्या इस्टेटीतलं एक घर. पुढे गवताचा चौकोन, मागे शेड, स्वयंपाकघरात सतत घरघरणारा पंखा. बाबा रोज बसनं डब्लिनला जायचे, एका सॉफ्टवेअर कंपनीत. आई नागपूरहून आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा भांडी जास्त होती. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. बाकीचे लोक तिथं टॉवेल सुकवतात. आईनं पहिल्याच आठवड्यात तिथले टॉवेल हाकलून दह्याची पातेली मांडली. त्या उबेत लागलेलं तिचं दही सुरीनं कापावं असं असायचं. चक्क्याचं फडकं ती वॉशिंग मशीनच्या वरच्या नळाला बांधायची, आणि खालच्या स्टीलच्या पातेल्यात थेंब पडत राहायचे. टप, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टप. माझा शाळेचा सगळा अभ्यास त्या आवाजात झाला. आजही कारखान्यात कुठं नळ गळत असला की मला आंबटगोड वास येतो आणि उगाच भूक लागते.

आईच्या दह्याची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. आधी इस्टेटीतली मराठी घरं, मग शेजारच्या गावांतली, मग वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात काम करणारी तिची एक मैत्रीण, मग त्या मैत्रिणीची ट्रली गावातली नणंद. सगळ्यांना दही हवं, श्रीखंड हवं. शनिवारी बाबा गाडी काढायचे आणि मी मागे डबे सांभाळत बसायचे. दह्याभोवती बर्फाच्या पिशव्या रचलेल्या. त्यात एक कटकट होती. बर्फाला टेकलेलं दही कडेनं गोठायचं, आणि गोठलेलं दही सुटलं की त्याचं पाणी वेगळं आणि कण्या वेगळ्या. बर्फ कमी घातला तर वॉटरफोर्डला पोचेपर्यंत दही आंबट. मैत्रीण फोनवर म्हणायची, "छान होतं गं, फक्त कडेनं जरा तसंच." ते 'जरा तसंच' ऐकून आईचा चेहरा दिवसभर पडलेला असायचा.

उत्तर आमच्या न्हाणीघरात होतं. नागपुरात खोबरेल तेल वर्षातले दहा महिने पातळ असतं. नावनमध्ये ते वर्षभर दगड. आई बाटली रेडिएटरवर ठेवायची आणि मी वाट बघत बसायचे. एकदा शाळेसाठी मी त्या बाटलीत थर्मामीटर खुपसला. तेल वितळायला लागलं, अर्धं पातळ अर्धं घट्ट झालं, रेडिएटर चांगला तापलेला, पण पारा एका जागी अडून बसला. शेवटचा पांढरा खडा विरघळेपर्यंत तो हलला नाही. आमच्या रसायनशास्त्राच्या बाई मिसेस कियर्नी म्हणाल्या, "उष्णता जाते कुठं? वितळण्यात जाते. तोवर तापमान वाढत नाही." बर्फाचंही तेच, फक्त तो शून्यावर अडतो. मला शून्य नको होतं. मला पाचावर अडणारं काहीतरी हवं होतं. म्हणजे ते फ्रिजमध्ये घट्ट गोठवायचं, दह्याच्या भोवती ठेवायचं, आणि ते वितळेपर्यंत पेटीत पाच अंशच राहणार. दही गोठणार नाही, आंबणारही नाही. एवढीच युक्ती आहे. आज माझ्या कारखान्यातल्या अशाच पदार्थाच्या मोठ्या लाद्या पहाटेच्या वाऱ्यावर स्वस्त झालेल्या पवनचक्क्यांच्या विजेनं गोठतात आणि दिवसभर दुसऱ्यांची औषधं थंड ठेवतात. लोक त्यावर भाषणं देतात. युक्ती मात्र त्या तेलाच्या बाटलीइतकीच आहे.

पाचाच्या आसपास वितळणारा पदार्थ मिळत होता. वनस्पतींच्या तेलापासून बनवलेला, मेणासारखा. तो पिंपानं विकायचे, आणि मला पिंपाची ऐपत नव्हती. डब्लिनहून त्यांचा विक्रेता नमुना घेऊन आला तेव्हा त्याला वाटलं होतं एखादी कंपनी असेल. दार उघडलं आईनं, पिठाच्या हातांनी. मी त्याला आत बसवलं, चहा दिला, चकल्या दिल्या आणि विचारलं की चेपलेली पिंपं तुम्ही कुठं टाकता. तो म्हणाला, चेपलेली नसतात. मी म्हटलं, चहा घ्या. दुसऱ्या कपाला तो म्हणाला, एक आहे. तिसऱ्या कपाला ते पिंप आमच्या शेडमध्ये फुकट यायचं ठरलं, बदल्यात माझ्या सगळ्या चाचण्यांचे आकडे त्याला द्यायचे. जाताना तो बाबांना म्हणाला, "हिच्याशी लग्न करणाऱ्या माणसाची मला आत्ताच दया येते." बाबा कसंनुसं हसले. पिंप आलं त्या दिवशी सही बाबांनी केली. सोबतचा माहितीचा कागद त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मला म्हणाले, "संपूर्ण वनस्पतिजन्य आहे. बरं झालं, घरात ठेवायला हरकत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

भरायला डबे आमच्याकडे होतेच. कुठल्या मराठी घरात आइस्क्रीमचा रिकामा डबा फेकला जातो? आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, त्यांची चळत होती, एकावर हरभराडाळ लिहिलेलं, एकात बटणं. मी ते पदार्थानं भरले, झाकणांना चिकटपट्टी गुंडाळली आणि जुन्या दुधाच्या क्रेटला आतून थर्माकोल लावून पेटी केली. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ती ठेवून पाहिली, चुलीशेजारी ठेवून पाहिली. दही जसं गेलं तसं बाहेर आलं. आईनं चमचा तोंडात घातला आणि मला आणखी एक वाटी वाढली.

आता डॉनल. तो शनिवारच्या बाजारात बकरीच्या दुधाचं मऊ चीज विकायचा आणि बर्फाला टेकून कडक झालेल्या चीजवरून दर वेळी शिव्या घालायचा. मी त्याला पेटीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, दाखव. ठरलं असं: गणपतीच्या रविवारी तो सकाळी हॉलवर येऊन स्वतःच्या हातानं चीज पेटीत ठेवणार, झाकण लावणार, आणि चार वाजता येऊन उघडणार. चीज ठीक असेल तर त्याच्या सगळ्या बाजारांसाठी पेट्या माझ्याकडून. बाबांशीही माझा सौदा झाला होता. शाळा संपली होती, मी लगेच कॉलेजात कॉम्प्युटरला जावं असं त्यांना वाटत होतं. बरंच भांडून ते म्हणाले, "तो माणूस हो म्हणाला, तर एक वर्ष तुझं. नाही म्हणाला, तर फॉर्म भरायचा आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही." मी हात पुढे केला. त्यांनी हसत हसत मिळवला. माझं सगळं त्या एका पेटीत होतं.

गणपती बसायचा तो गावाबाहेरच्या खेळाच्या क्लबाचा हॉल. भिंतीवर हर्लिंग या इथल्या खेळाच्या संघांचे फोटो आणि त्यांच्या खाली मखर. स्वयंपाकघराचा ताबा वैद्य काकूंकडे. वैद्य काका मंडळाचे अध्यक्ष आणि बाबांच्या कंपनीत बाबांचे साहेब. काकू उंच, गोऱ्या, हाताच्या सढळ. कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांचा. त्यांनी दिलेला डबा रिकामा परत जायचा नाही आणि त्यांच्याकडे गेलेला डबा रिकामा परत यायचा नाही, साखर तरी असायचीच. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस अख्ख्या काउंटीत नव्हतं. तेव्हा तरी नव्हतं.

डॉनल सकाळी आला, चीज ठेवलं, झाकण दाबलं आणि गेला. मला लहान मुलांकडून अथर्वशीर्ष म्हणवून घ्यायचं होतं. मी बाबांना सांगितलं, "पेटीला कुणी हात लावायचा नाही एवढं वैद्य काकूंना सांगून ठेवा." बाबा म्हणाले, "हो हो." नंतर कळलं की त्यांनी सांगितलं नव्हतं. "त्या मोठ्या आहेत. त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांना हात लावू नका कसं सांगायचं?"

मुलं आयरिश सुरात अथर्वशीर्ष म्हणत होती. मधेच एकजण थांबून विचारत होता, "मावशी, आर वी डन?" आरती झाली, जेवणं झाली, मसालेभाताचा वास जॅकेटांत बसला. चार वाजता डॉनल चिखलाचे बूट पायपुसण्यावर घासत आत आला. मी बाबांना बोलावलं. पेटी टेबलावर घेतली तेव्हाच मला ती हलकी लागली. झाकण उघडलं. चीज कागदातून पसरून वितळलेल्या मेणबत्तीसारखं ओघळलं होतं. डबे जागच्या जागी होते, चकचकीत घासलेले. मी एक उचलला तर तो खुळखुळला. आत खिरापत होती. खोबरं, खडीसाखर, खारकेचे तुकडे. दुसऱ्यातही खिरापत. सगळ्यांत खिरापत.

"अगं, ते मीच भरले," वैद्य काकू पदराला हात पुसत आल्या. "वाटीभर श्रीखंड शोधत होते. चिकटपट्टी लावलेला डबा म्हणजे मला वाटलं तुझ्या आजीनं पाठवलेलं लोणचं. उघडून बघते तर पांढरं, ओशट काहीतरी. सगळ्यांत तेच. हाताला तूप लागावं तसं. सगळं काढून ओल्या कचऱ्याच्या ब्राऊन बिनमध्ये टाकलं, उकळत्या पाण्यानं डबे घासले. मग म्हटलं, पोरीला रिकामे कसे द्यायचे?"

"काकू, तो पदार्थ होता. त्यावरच पेटी चालते."

"कसला पदार्थ?" त्यांचा आवाज खाली आला, आणि त्यांचा आवाज खाली आला की हॉल ऐकायचा. "राग मानू नकोस हं बाळा. या गावात मटणाचे कारखाने आहेत. पांढरं, घट्ट, फ्रिजमध्ये गोठणारं. मी काय समजायचं? देवाच्या नैवेद्याशेजारी?"

"चरबी?" मागून कुणीतरी म्हणालं. एका बाईनं हातातली श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. मग दुसरीनं. माझ्या आईच्या हातचं श्रीखंड.

"वनस्पतीचं आहे," मी म्हणाले. "झाडाचं. बाबांनी कागद वाचलाय. बाबा, सांगा."

सगळे बाबांकडे बघायला लागले. वैद्य काका पण, ढोलाची काठी हातात धरून. बाबांना ती ओळ पाठ होती. तीन शब्द होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला खात्री होती. तुम्ही कधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत 'हो' आलेलं पाहिलं आहे का, तोंडातून निघायच्या आधी? मला तसं दिसलं. मग त्यांनी वैद्य काकांकडे पाहिलं आणि ते गेलं.

बाबांनी हात जोडले. "वहिनी, चुकलं आमचं. लहान आहे ती. काहीबाही प्रयोग करते, कळत नाही तिला. सगळ्यांनी माफ करा." मग डॉनलकडे वळून इंग्रजीत म्हणाले, तुम्हाला उगाच त्रास झाला, शाळेतल्या मुलीचा खेळ आहे हो.

डॉनलनं ओघळलेलं चीज बोटावर घेऊन चाखलं. "ग्रँड, ग्रँड, काही बिघडलं नाही," तो म्हणाला आणि टोपी घातली. या देशात इतकी वर्षं राहिलेल्या कुणालाही विचारा, असं दोनदा म्हणून माणूस टोपी घालतो तेव्हा सौदा संपलेला असतो.

घरी आल्यावर आईनं उरलेलं श्रीखंड, भरलं पातेलं, सिंकमध्ये ओतलं आणि वरून नळ सोडला. ती रागावली की तिची बोली परत यायची. "तुमी काऊन माफी मागतली?" ती बाबांना पाठमोरीच म्हणाली. "कागद वाचला होता ना तुमी?"

"आपल्याला इथं राहायचंय," बाबा म्हणाले. "माणसं लागतात. एका पेटीसाठी माणसं तोडायची का?"

"मी कोण आहे?" मी विचारलं. "माणूस नाही?"

"तो नाही म्हणाला, रेवा. आपलं ठरलं होतं." हे ते म्हणाले. ज्यांनी तोंड उघडलं नाही म्हणून तो नाही म्हणाला, तेच मला ठरल्याची आठवण करून देत होते. मी आजवर जहाजाचे कप्तान, सरकारी खरेदी अधिकारी, औषध कंपन्यांचे वकील अशा सगळ्यांशी घासाघीस केली आहे. इतका निर्लज्ज मुद्दा कुणी मांडला नाही.

अलीकडे बाबा येतात माझ्याकडे. त्यांचं इन्शुलिन माझ्याच पेटीत असतं, ते कधी गोठत नाही. पाहुण्यांना ते पेटी उघडून दाखवतात आणि म्हणतात, "आम्ही तिला पहिल्यापासून मोकळीक दिली." मी स्वयंपाकघरात असते. मला ऐकू येतं. मी भांडं जरा जोरात आपटते, ते आवाज जरा कमी करतात, आणि तेवढ्यावर आमचं चालतं.

विसर्जन झाल्यावर वैद्य काकूंनी मुलाबरोबर डबा पाठवला. स्टीलचा, कडीचा, आत उकडीचे मोदक, वर तुपाची धार. माणूस असाच गोड करून मोकळा होतो. बाबांना हायसं वाटलं. "बघ, त्यांच्या मनात काही नाही," म्हणाले आणि त्यांनी दोन खाल्ले. आईनं एकही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डबा घासला आणि सवयीनं साखरेच्या बरणीकडे हात नेला. मी डबा तिच्या हातातून काढून घेतला, झाकण लावलं आणि चपला घातल्या. आईनं बरणी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. मग तिनं बरणीचं झाकण फिरवून घट्ट केलं आणि ती प्रेसमध्ये ठेवून दिली.

वैद्यांचं घर इस्टेटीच्या दुसऱ्या टोकाला. भुरभुर पाऊस होता, इथं असतो तसा, छत्रीची लाज वाटावी इतका. मी अर्ध्यावर गेले असेन तेव्हा मागून चपलांचा फटफट आवाज आला. बाबा. घरातल्या चपला, अंगात बनियनवर घातलेला कोट आणि हातात वाटी. वाटीत साखर, त्यावर दुसऱ्या हाताचा तळवा झाकण म्हणून धरलेला.

"रेवा, थांब. अगं, रिकामा नेतात का?"

मी थांबले नाही. ते माझ्यामागून धावत होते, सांडू नये म्हणून अर्धंच धावत होते. शेजारचा म्हातारा कुत्र्याला घेऊन उभा होता. तो म्हणाला, हवा बरी आहे. बाबा धापा टाकत त्यालाही हो म्हणाले.

मी बेल वाजवली. वैद्य काकूंनी दार उघडलं, हसल्या, डबा हातात घेतला. वजन त्यांना तिथंच कळलं. तरी त्यांनी कडी काढली आणि आत पाहिलं. स्वच्छ, कोरडा, तळाशी त्यांचाच चेहरा.

"विसरली हो ती," बाबा माझ्या खांद्यामागून म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे केली. "माफ करा वहिनी. लहान आहे."

"विसरले नाही," मी म्हणाले. "माझे डबे उकळत्या पाण्यानं घासलेत ना, त्याबद्दल हा रिकामा आणलाय. त्या डब्यात झाडाचं तेल होतं. बाबांनी कागद वाचला होता. विचारा त्यांना."

वैद्य काकूंनी विचारलं नाही. त्यांनी नुसतं बाबांकडे पाहिलं, बराच वेळ, डबा उघडा धरून. बाबांची वाटी तशीच पुढे होती. पाऊस तिच्यात पडत होता आणि साखर कडेनं ओली होऊन बसायला लागली होती.

"खरं का हो भाऊजी?" शेवटी त्या म्हणाल्या.

बाबांनी वाटी मागे घेतली. या वेळी मात्र त्यांनी माफी मागितली नाही. काकूंनी डब्याला कडी लावली आणि दार हळू लोटून घेतलं. आत त्या काकांना हाक मारत होत्या तो आवाज आम्हाला ऐकू आला.

परत येताना बाबा माझ्या बरोबरीनं चालत होते, वाटी छातीशी धरून. गवताच्या चौकोनापाशी आल्यावर ते थांबले. चष्म्यावर थेंब होते, त्यामुळे मला डोळे दिसले नाहीत, आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही.

"घे," ते म्हणाले. "एक वर्ष घे."

"दोन," मी म्हणाले.